मागच्या बाकावरचे मूल आणि वस्तीतली ताई

चौथीच्या वर्गात एक मूल उभे राहते, मराठीचे पुस्तक समोर धरते आणि पहिला धडा एका दमात म्हणून दाखवते. चूक एकही नाही. मग कुणीतरी त्याच पानावरच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवते आणि सांगते, ‘बाळा, आता इथून वाच.’ मूल थबकते. बोटाकडे पाहते, मग बाईंकडे पाहते. धडा त्याला पाठ आहे, वाचता मात्र येत नाही.

घाटकोपरच्या डोंगरउतारावरची वस्ती असो, मुलुंड-बोरिवलीची चाळ असो की अंधेरी पूर्वेचा मरोळचा पट्टा, प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून चार दिवस काढलेल्या कुणालाही हे दृश्य नवे वाटणार नाही. अशा मुलाविषयी मोठ्यांची मते ठरलेली असतात. वर्गात म्हणतात, ‘लक्षच नसते.’ घरी म्हणतात, ‘मोबाइल सोडत नाही.’ आणि सतत ऐकून ऐकून मूलही म्हणू लागते, ‘मला नाही येत.’ तीन निदाने झाली, पण तपासणी एकही झालेली नाही.

ताप हा जसा आजार नसून लक्षण असते, तसेच वाचता न येणे हेही लक्षणच आहे. त्यामागची कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही अगदी साधी, अल्प खर्चात दूर होणारी असतात. ती शोधायला नेहमी तज्ज्ञच लागतो असे नाही. रोज शाळेत येणारी, मुलांना नावानिशी ओळखणारी वस्तीतलीच एखादी ताई किंवा आजोबा हे काम बऱ्याच अंशी करू शकतात. त्यासाठी काय पाहायचे आणि पुढे काय करायचे, एवढे मात्र ठाऊक हवे.

आधी डोळे, कान आणि रक्त

पहिली शंका डोळ्यांची घ्यावी. लांबचे धूसर दिसणारे मूल सहसा तक्रार करत नाही, कारण स्वच्छ दिसणे म्हणजे काय हे त्याने अनुभवलेलेच नसते. फळा सगळ्यांनाच असा दिसतो, अशी त्याची समजूत असते. ते डोळे बारीक करते, मान तिरकी करते, शेजारच्याच्या वहीत पाहून उतरवते आणि त्यावरून ओरडाही खाते. सहा मीटरवरच्या तक्त्यावरची चिन्हे एकेक डोळा झाकून ओळखायला लावणे, ही तपासणी प्रशिक्षित शिक्षक किंवा स्वयंसेवक दोन मिनिटांत करू शकतो. ज्याला अडचण आली त्याला पुढे नेत्रतपासणीसाठी पाठवायचे. चीनच्या पश्चिम भागातल्या शाळांत मुलांना मोफत चष्मे देऊन एक मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत चष्मा मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढलेले दिसले. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आढळली. चष्मा मिळालेली सगळीच मुले तो वापरत नव्हती. चष्मा दप्तरातच राहतो की डोळ्यांवर येतो, हे रोज पाहणारे कुणीतरी शाळेत लागते.

दुसरी शंका कानांची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पडद्यामागे चिकट पाणी साठून राहते. दुखत नाही, वाहत नाही, फक्त ऐकू कमी येते. ‘त’ आणि ‘थ’, ‘द’ आणि ‘ध’ यांतला फरक ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याने श्रुतलेखन बरोबर कसे लिहावे? मागून हाक मारल्यावर न वळणारे, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणारे किंवा एकच प्रश्न दोनदा विचारणारे मूल उद्धट आहे असे ठरवण्याआधी त्याचे कान तपासावेत.

तिसरी शंका रक्ताची. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ या काळातल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, म्हणजे साधारण दर चौथ्या मुलाला. असे मूल लवकर दमते, त्याचे लक्ष टिकत नाही, मधल्या सुट्टीतही ते कडेला बसून राहते. यासाठीच ५ ते १० वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गुलाबी गोळी देण्याची योजना आहे. गोळीमुळे शौचाचा रंग काळपट होतो, क्वचित पोटात मळमळते. हे आधी सांगितले नाही तर घरचे घाबरून गोळी बंद करतात. गोळी जेवणानंतर घ्यायची, एवढे सांगणारी शेजारची बाई तिथे पत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

जंतांची गोळीही याच मालिकेतली. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळांत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला दिली जाते. शाळेतून जंतनाशक देण्याचा गाजलेला प्रयोग केनियातल्या बुसिया भागात १९९८ मध्ये सुरू झाला. त्यात मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी दाखवले. पुढे इतर संशोधकांनी त्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले. सरसकट सर्व मुलांना गोळी देऊन शिकण्यात किती फरक पडतो, यावर आजही एकमत नाही. पण ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला गोळीचा फायदा होतो आणि ती सुरक्षित व स्वस्त आहे, याबद्दल वाद नाही.

शाळेच्या वेळेतले दोन तास

समजा, डोळे, कान, रक्त सगळे ठीक आहे आणि तरीही मुलाला वाचता येत नाही. मग अडचण शिकवण्याच्या पातळीत असू शकते. चौथीच्या वर्गात चौथीचे पुस्तक शिकवले जाते. ज्याची अक्षरओळख पहिलीतच हुकली, त्याच्या डोक्यावरून पुढची तीन वर्षे निघून जातात. घरी भोजपुरी किंवा तेलुगू आणि शाळेत मराठी, असे असेल तर ही दरी आणखी वाढते. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून शिकवतात. तरीही घरची आणि शाळेची भाषा प्रत्येक वेळी जुळतेच असे नाही.

या दुखण्यावरचा एक उपाय मुंबईतच घडला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी महापालिका आणि युनिसेफ यांच्या साथीने मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’चे काम उभे केले. चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, तर लांबे समाजकार्य शिकवणाऱ्या. सुरुवात बालवाड्यांपासून झाली. १९९८ मध्ये ‘बालसखी’ ही योजना आली. कल्पना साधी होती. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी निवडायची आणि तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण द्यायचे. तिसरी-चौथीत मागे पडलेली १५ ते २० मुले शाळेच्या वेळेतच रोज साधारण दोन तास तिच्याकडे सोपवायची. खोली रिकामी नसेल तर व्हरांड्यात बसायचे, नाहीतर मैदानात. त्या दोन तासांत चौथीचे पुस्तक बाजूला राहायचे. जे पहिली-दुसरीत यायला हवे होते तेच शिकवायचे, म्हणजे अक्षरे, शब्द, अंक, बेरीज-वजाबाकी.

बालसखी प्रशिक्षित शिक्षिका नव्हती आणि तिचे मानधनही महिना ५०० ते ७५० रुपयांच्या घरात होते. पण ती मुलांच्या गल्लीतली होती. मूल दोन दिवस आले नाही तर कुणाच्या घरी जाऊन विचारायचे, हे तिला ठाऊक असे. आईशी ती आईच्या भाषेत बोले.

औषधासारखीच कसोटी

चांगल्या हेतूने केलेली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडतेच असे नाही, हे वैद्यकशास्त्र फार ठेचा खाऊन शिकले. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन खरोखर चालते का, हे ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची विभागणी करून केलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. नवे औषध पारखण्याची ती रीत झाली. हीच रीत शाळेला लावली तर?

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत नेमके हेच केले. बालसखी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला मिळणार, हे कुणाच्या शिफारशीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरवले. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला. त्यामुळे कोणतीही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही करता आली. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांची चाचणी घेतली.

पहिल्या वर्षी इयत्तेचे सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. ही संख्याशास्त्राची भाषा झाली. सोप्या शब्दांत, शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर उभे असलेले मूल दुसऱ्या वर्षीच्या वाढीने सुमारे ११ जणांच्या पुढे गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा फायदा मुख्यतः रांगेच्या शेवटी असलेल्या मुलांना झाला. मागे राहिलेली मुले बाहेर गेल्यामुळे वर्गात उरलेल्या मुलांचे गुण वाढले, असे मात्र दिसले नाही. म्हणजे गर्दी कमी होणे हे कारण नव्हते. मुलाला त्याच्या पायरीवरून शिकवणे, हा फरक होता. खर्च होता वर्षाला मुलामागे सव्वादोन डॉलर, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे शंभर रुपये.

मुंबईतच जन्मलेले आणि मराठी आईचे चिरंजीव असलेले बॅनर्जी, तसेच डुफ्लो आणि केनियातल्या प्रयोगाचे क्रेमर या तिघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या संशोधनपद्धतीसाठी ते मिळाले, तिच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कामांत मुंबईच्या शाळांतल्या या ताया होत्या.

मात्रा थांबली की

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. योजना संपल्यावर एका वर्षाने पुन्हा तपासले, तेव्हा मिळालेली वाढ ओसरून सुमारे ०.१० वर आली होती. बालसखीकडे गेलेल्या मुलांत थोडा फायदा टिकला होता, इतकेच. रक्तक्षयात गोळ्या चार महिने देऊन थांबवल्या आणि आहार तोच राहिला, तर हिमोग्लोबिन पुन्हा उतरते, तसेच हे. एक वर्षाची मदत म्हणजे कायमचा इलाज नव्हे.

आणखी एक धडा उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याने दिला. तिथे २००५-०६ मध्ये गावोगावी सभा घेऊन पालकांना शाळेची माहिती देण्यात आली आणि मुलांची पातळी कशी तपासायची हेही दाखवण्यात आले. नुसत्या सभांनी मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही. जिथे गावातल्या स्वयंसेवकांना शिकवण्याचे तंत्र देऊन शाळेनंतर वाचनवर्ग चालवले, तिथे येणारी मुले स्पष्टपणे सुधारली. अडचण एकच होती. असे वर्ग ऐच्छिक आणि शाळेबाहेर असल्यामुळे गरज असलेली बरीचशी मुले तिथे पोचलीच नाहीत. मुंबईच्या उपनगरांत तर संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळणारी, पाणी भरणारी मुले कमी नाहीत. म्हणून मदत शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात मिळायला हवी.

मुले स्वतः जेव्हा कामाला लागतात

शाळेतले उपक्रम म्हटले की प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा आणि स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर येते. त्यांचा आनंद आहेच. पण मुलांच्या हाती खरे काम दिले तर ती बरेच काही करून दाखवतात. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते. त्या सुमारास लंडनचे बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले यांच्या पुढाकाराने ‘मुलाकडून मुलाकडे’ ही चळवळ सुरू झाली. मोठे भावंड धाकट्याला सांभाळतेच, मग त्यालाच आरोग्याचे चार धडे का देऊ नयेत, असा तिचा विचार. त्याच काळात मालाडच्या मालवणीत शाळकरी मुलांना घरातले आरोग्यदूत म्हणून तयार करण्याचे काम झाले आणि त्याचा वृत्तांत १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

मुंबईतलाच एक अभ्यास हात धुण्याचा आहे. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या पहिलीच्या मुलांना साबण दिला. शौचानंतर, तिन्ही वेळच्या खाण्याआधी आणि अंघोळीला तो वापरण्याची सवय खेळ, बक्षिसे आणि आयांच्या सहभागातून लावली. तुलनेसाठी दुसऱ्या वस्त्यांतली मुले होती. ४१ आठवड्यांच्या नोंदींत साबण वापरणाऱ्या मुलांत जुलाबाचे प्रसंग सुमारे २५ टक्क्यांनी आणि आजारपणामुळे बुडणारी शाळा सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळली. अभ्यासामागे साबण बनवणारी कंपनी होती, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचायला हवेत. पण निष्कर्षाची दिशा हात धुण्यावरच्या इतर संशोधनाशी जुळते. अर्थात त्यासाठी शाळेच्या नळाला पाणी आणि मोरीवर साबण हवा. नुसत्या भिंतीवरच्या घोषवाक्याने जंतू जात नाहीत.

मैदानाचेही तसेच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेर खेळण्याचा जादा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टिदोष झाला होता, उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. भर दिवसाच्या उजेडात लांबवर पाहत खेळणे हे वाढत्या डोळ्यांचे संरक्षण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला असा उजेड हक्काने मिळण्याची जागा बहुधा शाळाच. तेव्हा खेळाचा तास कापून त्यात जादा गणित घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मदतीला जाताना

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. स्वयंसेवकाने शाळेत जायचे ते मुख्याध्यापक आणि या समितीच्या संमतीने. ओळखपत्र, पूर्वचौकशी आणि मुलासोबत बंद खोलीत एकट्याने न बसणे, हे नियम अविश्वासापोटी नाहीत. मुलाच्या आणि स्वयंसेवकाच्या, दोघांच्या भल्यासाठी ते आहेत.

काम लहान ठेवावे आणि नियमित करावे. महिन्यातून एकदा खाऊ घेऊन येणाऱ्या पाहुण्यापेक्षा आठवड्यातले ठरलेले तीन दिवस एक तास येणारी आजी मुलांच्या जास्त उपयोगाची. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला एक अक्षर, एक शब्द, एक सोपे वाक्य, एक छोटी गोष्ट असे क्रमाने वाचायला द्यावे. ते जिथे अडेल तिथून शिकवायला सुरुवात करावी. दर महिन्याला पुन्हा तेच करून वहीत नोंद ठेवावी. प्रगती झाली की नाही, हे वही सांगेल, मनाचे समाधान नव्हे.

आणि काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. स्वयंसेवकाने स्वतःहून औषध देऊ नये, निदान करू नये. सगळ्यांसमोर वजन मोठ्याने वाचून दाखवू नये, ‘हा कच्चा’, ‘ही मंद’ असे शब्द वापरू नयेत. शंका आली तर ती शिक्षक आणि पालकांच्या कानावर घालावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. त्या दिवसाची वाट पाहण्याइतका वेळ नसेल, तर जवळच्या महापालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात न्यायला आईला सोबत करावी. घाटकोपरच्या राजावाडीत किंवा जुहूच्या कूपरमध्ये केसपेपर काढण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून अनेक आया येत नाहीत. त्यांच्यासोबत रांगेत उभे राहणे हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे.

स्वयंसेवक शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. रिकामी पदे भरणे, वर्गात कायद्याप्रमाणे तीस मुलांमागे एक शिक्षक असणे, ही सरकारची जबाबदारी तशीच राहते. पण शिक्षकाच्या दोन डोळ्यांना वस्तीतल्या आणखी दोन डोळ्यांची साथ मिळाली, तर मागच्या बाकावरच्या मुलाकडे वेळेत लक्ष जाते. त्याला चष्मा लागतो, कानात साचलेले पाणी सापडते किंवा फक्त ‘क’ आणि ‘फ’ पुन्हा एकदा बोट धरून गिरवावे लागतात. काही महिन्यांनी पुस्तकाच्या मधल्याच एका ओळीवर कुणी बोट ठेवते आणि म्हणते, ‘इथून वाच.’ या वेळी ते मूल बाईंकडे पाहत नाही. ओळीकडे पाहते, आणि अडखळत का होईना, वाचू लागते.